उद्या आहेच की

माझ्या साडूंइतका पडलेला चेहरा करून जगातल्या सुंदर गोष्टींचा आस्वाद घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि आता या वयात कुणी भेटेल असं वाटतही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुम्हाआम्हाला एखादी गोष्ट आवडली की आपण हसतो, मान डोलावतो, फारच झालं तर ‘वा’ म्हणतो. साडूंना गोष्ट आवडली की त्यांचा चेहरा पडायचा. जेवढी जास्त आवडेल तेवढा जास्त पडायचा. आधी बोलणं थांबायचं, मग खांदे उतरायचे, मग चष्मा काढून ते तो शर्टाच्या टोकाला पुसत बसायचे, आणि प्रकरण अगदीच हाताबाहेर गेलं तर सुस्कारा सोडून म्हणायचे, “संपलं. आता काय राहिलं?” एकदा नात्यातल्या एका लग्नात ते जिलबीकडे असेच बघत बसले होते. पंगतीतून फिरणारे वधूपिता घाबरून थांबले आणि त्यांनी विचारलं, “काय झालं? बिघडलीय का?” साडू मर्तिकाला भेटायला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, “नाही हो. चांगली आहे.” वधूपित्यांनी तडक आत जाऊन आचाऱ्याला फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्याने बहुधा आयुष्यातली सर्वांत चांगली जिलबी त्या दिवशी केली असावी.

याउलट, वाईट गोष्टींच्या सहवासात साडू अत्यंत प्रसन्न असत. गार झालेला वडा, पाणचट चहा, रटाळ भाषण यांच्यासमोर त्यांना बसवलं की त्यांची कळी खुलायची. ते गप्पा मारायचे, विनोद सांगायचे, “झकास आहे, काही त्रास नाही,” म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरात एक ठोकताळाच होऊन बसला होता. साडू हसतायत म्हणजे पदार्थ बेताचा. साडू गप्प झाले म्हणजे उरलेला झाकून ठेवा, संध्याकाळी पुन्हा मागतील.

ते आर्किटेक्ट होते. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बसून, डोक्यावरच्या दोरीवरचे कपडे बाजूला सारत त्यांनी शिक्षण घेतलं, आणि नंतर सगळी उमर एका बिल्डरच्या कचेरीत काढली. ही नोकरी ऐन भरात असताना पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. कालपर्यंत कॉट बेसिसवर राहणारी पोरं कर्ज काढून फ्लॅट घ्यायला लागली आणि शहर चारी दिशांनी सुटलं. साडूंनी मग एकच नकाशा जन्मभर काढला. हॉल, किचन, दोन बेडरूम, आणि समोरच्या फ्लॅटसाठी तोच उलटा. बिल्डर एकच प्रश्न विचारायचा, पार्किंग किती बसतं. इमारतींना नावं मात्र युरोपातल्या शहरांची. पुण्याबाहेर, मांजरी गावाला उसाच्या फडात उभ्या राहिलेल्या एका इमारतीचं नाव त्याने व्हेनिस ठेवलं होतं. तळघरात पाणी साठायचं, एवढंच काय ते साम्य. साडू मला अशा इमारती हौसेने दाखवायला न्यायचे आणि हसतमुखाने सांगायचे, “झकास झालीय. पार्किंग सगळं बसलं.” त्यांना हसताना बघून मला त्या इमारतीबद्दल जे कळायचं ते कळायचं.  आपल्या कामाकडे बघून ज्याला एकदाही उदास होता आलं नाही, अशा माणसाला काय बोलणार?

पण या सगळ्यात खरी होरपळ व्हायची ती ताईंची. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूंची बायको. त्यांच्या हाताला अशी चव की त्यांच्या घरून जेवून आल्यावर माझी बायको दोन दिवस माझ्याशी तुटक बोलायची, कारण मी वाटेत काहीतरी बोललेलो असायचो. आणि साडू? साडू ताईंच्या हातचं लग्नापासून रोज हसत जेवत होते. मी त्यांच्याकडे जेवायला असलो की ते भरल्या वांग्याचा घास तोंडात घालून महापालिकेच्या गमती सांगायचे, पुन्हा वाढून घ्यायचे, खळखळून हसायचे. ते हात धुवायला उठले की ताई माझ्याकडे बघून म्हणायच्या, “बघितलंत ना? हसतायत.” मी म्हणायचो, “अहो, दोनदा वाढून घेतलं त्यांनी.” त्यावर त्या ताटं उचलत म्हणायच्या, “गार वडासुद्धा दोनदा घेतात ते.” हे उत्तर ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यांचा चेहरा गमतीचा नसायचा. ज्या माणसाला चवीचं एवढं कळतं, त्याने एकदा, फक्त एकदा, आपल्या आमटीपुढे तोंड पाडून बसावं, याखेरीज त्या बाईने आयुष्यात दुसरं फारसं काही मागितलेलं मला माहीत नाही.

साडू निवृत्त झाले आणि मांजरीच्या त्या व्हेनिसमध्येच राहायला गेले. त्याच सुमारास आमच्या मुलीला तिच्या कंपनीने हॉलंडला पाठवलं. तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि मावशी-काकांनाही घेऊन या म्हणून हट्ट धरला. विमानातलं रबरासारखं सँडविच साडूंनी आनंदाने खाल्लं. उतरल्यावर पाऊस पिरपिरत होता, आभाळ राखेच्या रंगाचं होतं, आणि साडू खुशीत होते. मग मुलीने आम्हाला रॉटरडॅमला नेलं.

तिथे पिवळी घरं आहेत, ठोकळ्याच्या आकाराची. पण ठोकळा जसा जमिनीवर बसतो तशी ती बसवलेली नाहीत. एका कोपऱ्यावर उभी केलेली, तिरकी, एकमेकांना खेटून, खालून लोक चालतायत. साडूंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडायला लागला. मुलगी माझ्या कानाशी लागली, “काकांना आवडलं नाही का?” माझी बायको म्हणाली, “अगं, फार आवडलंय. जरा लांब उभी राहा.” त्यातलं एक घर बघायला उघडं ठेवलं होतं. आत गेलो तर सगळ्या भिंती डोक्यावर कललेल्या. ताई चहूकडे बघून म्हणाल्या, “इथं कॅलेंडर लावलं तर ते भिंत सोडून लोंबकळेल की.” साडू खोल आवाजात म्हणाले, “ते लोक नाही लावत कॅलेंडर.” ताई म्हणाल्या, “मग तारीख कशी कळते त्यांना?”  साडू चष्मा पुसत होते. स्वयंपाकाच्या ओट्यापुढे तिरक्या भिंतीत खिडकी होती आणि तिच्यातून थेट खालचा रस्ता दिसत होता. तिथे ताई बराच वेळ थांबल्या. “माझ्या ओट्यापुढे भिंत आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. साडू जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. “ही घरं काढणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नसेल,” ते म्हणाले, “पार्किंग किती बसतं म्हणून.” आणि मग ते वाक्य आलं. “संपलं. आता काय राहिलं?”

राहिलं होतं बरंच. शेजारीच बाजार आहे. घोड्याच्या नालासारखी प्रचंड कमान, कमानीच्या जाडीत माणसांची घरं, आतल्या छतावर घराएवढी फळं आणि भाज्या रंगवलेल्या, आणि खाली खरी फळं, खऱ्या भाज्या, चीजची चाकं. वरच्या घरातल्या खिडक्या थेट बाजारात उघडणाऱ्या. त्या छताखाली उभं राहून साडूंनी पाकातलं पातळ बिस्किट खाल्लं, पिठीसाखर भुरभुरलेली आप्प्यांसारखी छोटी धिरडी खाल्ली, आणि घासागणिक ते खचत गेले. चीज विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा चेहरा बघून खुर्ची आणली, पाणी दिलं, आणि माणसाला जरा बरं वाटावं म्हणून आणखी एक चांगल्यातला तुकडा हातावर ठेवला. तो खाऊन साडूंनी डोळे मिटले. बाई इतक्या घाबरल्या की त्यांनी पुढचा तुकडा कापलाच नाही.

इथवर ताई हसत होत्या. मग आम्ही जेवायला एका गल्लीतल्या लहानशा खानावळीत गेलो. ती चालवणाऱ्या बाईंचे पणजोबा कधीकाळी बिहारकडून बोटीने दक्षिण अमेरिकेत, डचांच्या सुरिनामला ऊस तोडायला गेले होते आणि नंतरची पिढी तिथून इथे आली होती, असं त्यांनी मुलीला सांगितलं. त्यांनी डाळ भरलेली मोठी मऊ पोळी, बटाट्याची रस्सा भाजी आणि चवळीच्या शेंगा समोर ठेवल्या. साडूंनी एक घास घेतला. बोलणं थांबलं. खांदे उतरले. चष्मा निघाला. “संपलं,” ते म्हणाले. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या हातातला घास खाली ठेवून माझ्या बायकोला म्हणाल्या, “बटाट्याची भाजी आणि पोळी. तिकडच्या भिंतींना रडले, मी काही बोलले नाही. इथं येऊन बटाट्याला रडले.” 

संध्याकाळी मुलीच्या घरी परतल्यावर त्यांनी पदर खोचला. पुण्याहून आणलेला गोडा मसाला, चिंच, गूळ, सगळं काढलं आणि परक्या देशातल्या त्या दोन शेगड्यांवर अशी आमटी केली की वासाने मीच उदास व्हायची वेळ आली. साडू बसले, पहिला भुरका मारला, आणि खूश होऊन एक विनोद सांगितला. तिसऱ्या वाढीला तर ते स्वतःच्याच विनोदावर हसून ठसकले. ताई आत गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. भांडी घासायचं यंत्र असलेल्या घरात नळ एवढा वेळ का चाललाय हे माझ्या बायकोला कळलं. तिने मला डोळ्यांनीच दाराकडे खूण केली.

उन्हाळ्यात तिकडे जेवणानंतरही ऊन असतं. मी साडूंना घेऊन कालव्याच्या कडेने फिरायला निघालो आणि सरळ विचारलं, “अहो, ताईंच्या हाताला एवढी चव आहे. तुम्ही त्यांच्या जेवणापुढे कधी उदास का होत नाही?” साडू थांबले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. म्हणाले, “तिथं कशाला उदास व्हायचं? ती घरं मला पुन्हा दिसणार नाहीत. त्या बाईंची पोळी पुन्हा मिळणार नाही. म्हणून वाईट वाटतं हो. आमटीचं काय? ती उद्या आहेच की.”

मी हे ताईंना दुसऱ्या दिवशी शब्दशः सांगितलं. त्या चहा गाळत होत्या. “हं,” त्या म्हणाल्या, “बोलायला काय जातंय.” पण त्या दिवशी साडूंना चहा जरा जास्त मिळाला, आणि पुढे त्या ‘हसतायत’ असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

परत आल्यावर साडूंनी एक अचाट गोष्ट केली. जन्मभर दुसऱ्यांच्या बंद केलेल्या बाल्कन्यांना नावं ठेवणाऱ्या या माणसाने गवंडी बोलावून ताईंच्या ओट्यापुढची भिंत फोडली आणि तिथे खिडकी बसवली. तीही सरळ नाही. एका कोपऱ्यावर उभी, तिरकी, पिवळ्या चौकटीची. तिच्यातून खालचा ऊस दिसायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर येऊन ठणकावलं, “आपण इमारतीचं बाह्य रूप बिघडवलं आहे.” साडू म्हणाले, “बिघडायला ते आधी असावं लागतं, साहेब. मीच काढलीय ही इमारत.” सेक्रेटरी ओट्यापाशी उभे राहून थोडा वेळ बाहेर बघत राहिले आणि चहा घेऊन गेले. ताई त्या खिडकीशी उभं राहून पोळ्या करायच्या आणि साडू मागे खुर्ची टाकून बसायचे, गप्पा मारत, हसत. ती काही वर्षं बरी गेली.

मग साडूंना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते ताईंना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. साडूंना कुणी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही कुणाला काही विचारलं नाही. समोरच्या फडातला ऊस निघाला होता आणि तिथे नव्या इमारतीचे खांब वर येत होते. एका दुपारी मी आणि माझी बायको गेलो तेव्हा साडू खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले होते, शाल पांघरून. अंगात काही उरलं नव्हतं, पण आम्हाला बघून त्यांनी समोरच्या खांबांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “याचंही पार्किंग बसणार बघा.” ताईंनी मऊ भात आणि आमटी आणून त्यांच्या हातात वाटी दिली आणि त्या पुन्हा ओट्याकडे वळल्या. साडू माझ्याशी काहीतरी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पहिला घास घेतला, आणि बोलणं थांबलं.

ताईंची पाठ आमच्याकडे होती. पण त्यांचा हात कढईवरच थबकला. त्या वळल्या तेव्हा साडूंचे खांदे उतरलेले होते आणि ते चष्मा काढून शालीच्या टोकाला पुसत होते. जन्मभर जे बघायचं होतं ते त्यांच्यापुढे होतं. माझ्या बायकोने माझं मनगट धरलं. साडूंच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलेलं मला दिसलं, आणि त्यांनी ते घासाबरोबर गिळलेलंही दिसलं. “चांगली झालीय गं,” ते त्या मर्तिकाच्या आवाजात म्हणाले.

ताई त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “असं तोंड काय करता?” त्या म्हणाल्या. “हसा की जरा. उद्या परत करते.”

साडूंनी मान हलवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हसायचा प्रयत्न केला. ते काही त्यांना जमलं नाही.