ताईंच्या गुडघ्याची खरी गोष्ट

ताई बॉल टाकायच्या आणि पाठ फिरवायच्या. बॉल अजून हवेत असायचा, सगळं स्टेडियम माना वर करून बघत असायचं, समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा तोंड उघडं ठेवून बघायच्या, आणि ताई मात्र आपल्या बाजूला परत पळत सुटलेल्या असायच्या. बास्केट झाली की नाही हे त्यांना आमच्या ओरडण्यावरून कळायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "ताई, निदान एकदा तरी बघावंसं वाटत नाही का हो?" तर म्हणाल्या, "मी पाहिल्यानं तो आत जाणार आहे का, दादा? त्या पोरी आता बॉल घेऊन इकडे धावत येतील, त्यांना कोण अडवेल? तुम्ही?"

मी अडवण्याचा प्रश्नच नव्हता. माझी उंची पाच फूट दोन इंच. जन्म दिल्लीचा, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत, आणि नोकरी एका सरकारी खात्यात, फायलींच्या सहवासात. आमच्या खात्याचा मुलींचा बास्केटबॉल संघ होता आणि ताई नागपुरातून खेळाडूंच्या कोट्यात त्यात भरती झाल्या होत्या. त्या आल्या त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "आप भी मराठी, वो भी मराठी. आज से टीम के मैनेजर आप." एवढ्या भक्कम पायावर माझी क्रीडाक्षेत्रातली कारकीर्द सुरू झाली. गाडीची तिकिटं काढायची, ओळखपत्रं सांभाळायची, केळी आणि ग्लुकोज न्यायचं, आणि सामन्याआधी संघाची यादी लिहून टेबलावर द्यायची, ही माझी कामं. पहिल्याच सामन्यात मी समोरच्या संघाच्या बास्केटला उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोचसाबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

हे कोचसाब रोहतककडचे. आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. संघातल्या मुली पंजाबच्या, केरळच्या, बऱ्याचशा हरियाणाच्या. मी 'ताई' म्हणतो हे ऐकून सगळ्याच त्यांना ताई म्हणू लागल्या. हरियाणात ताई म्हणजे मोठ्या काकाची बायको, त्यामुळे एकवीस वर्षांच्या मुलीला ताई म्हणताना त्या पोरी आधी फिदीफिदी हसायच्या. पण वर्षभरात ते नाव असं चिकटलं की कोचसाबसुद्धा मैदानभर "ताई, पीछे!" असं ओरडायला लागले. त्या वेळी त्यांचं वय ताईंच्या दुप्पट तरी असेल.

सहा फुटांच्या बाईला दिल्लीत राहायचं म्हणजे काय, हे मी त्यांच्यामुळे पाहिलं. मेट्रोत त्यांना वरची दांडी धरावी लागायची नाही, डोकंच तिथवर जायचं. लहान मुलं आईच्या मागे लपून त्यांच्याकडे बघत राहायची. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये त्या दोन मुलींबरोबर राहायच्या, बाजार दारातच, पण अंगाला येईल असा कपडा मिळायचा नाही. एका दुकानदारानं तर सांगितलं, "दीदी, आपका साइज तो कुतुब मीनारवाले रखते होंगे." दुसरी एखादी रुसून निघून गेली असती. ताई त्याच्या दुकानात खाली बसून हसल्या आणि मग त्याच्याच काउंटरवरून दोन मर्दानी शर्ट घेतले. पुढे तो दुकानदार स्पर्धेच्या दिवसांत आम्हाला निकाल विचारायचा.

आता कारकीर्द. खात्याच्या कागदात ती दीड पानात मावते: एवढे चषक, एवढी पदकं, भारतीय संघाचं शिबिर, दोन परदेश दौरे. मला जे आठवतं ते वेगळंच आहे. दक्षिणेतल्या एका शहरातली सेमीफायनल आठवते. दोन सेकंद उरलेले, आम्ही एका पॉइंटनं मागे, आणि ताईंनी अर्ध्या मैदानावरून बॉल भिरकावला. सवयीप्रमाणे लगेच पाठ फिरवली. बॉल जाळीतून सरळ खाली आला. आम्ही सगळे मैदानात घुसलो, केळ्यांची पिशवी माझ्या हातातून कुठे पडली ते कळलं नाही. ताई घामानं थबथबलेल्या, मला विचारताहेत, "गेला का?" त्या बास्केटचा व्हिडिओ पुढे हजारो लोकांच्या मोबाइलवर फिरला. टाकणारीनं ती बास्केट प्रत्यक्ष पाहिलेलीच नाही.

मग एक हंगाम त्या व्यावसायिक लीगमध्ये खेळल्या. खात्याकडून परवानगी काढायला मी चार टेबलं पालथी घातली. तिथे पाठीवर नाव छापलेली जर्सी, ढोल, धूर, रंगीत दिवे, असा थाट. त्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूही त्याच ठरल्या. परत आल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, कसं वाटलं? "छान होतं नं. पण लाइटच इतके की बास्केट शोधावी लागत होती," एवढंच उत्तर. त्याच महिन्यात मानेसरला एका सुट्या भागांच्या कारखान्याच्या मैदानावर आमचा मैत्रीपूर्ण सामना होता. पाळी सुटली, कामगार कंपनीच्या बसमध्ये चढायचे सोडून कठड्याशी उभे राहिले, बसवाला हॉर्न वाजवून थकला. सामना संपल्यावर ताईंनी त्या कामगार बायकांना आत बोलावलं आणि एकेकीच्या हातात बॉल दिला. ज्या बाईचा बॉल आत गेला ती कशी नाचली, हे त्या पुढे वर्षभर करून दाखवायच्या. लीगचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

नव्या मुलींवर त्यांचा फार जीव. केळं सोललं की अर्धं स्वतःला आणि अर्धं संघातल्या सगळ्यात नव्या मुलीला. माझ्या यादीतही त्यांनी हात घातला होता. माझं अक्षर चांगलं, आणि मी सगळ्यात आधी ताईंचं नाव लिहायचो, अभिमानानं. एकदा एक नवी मुलगी यादी बघून म्हणाली, आपलं नाव शेवटी, म्हणजे आपण असून नसून सारख्याच. ते ताईंनी ऐकलं. "दादा, उद्यापासून नव्या पोरींची नावं आधी लिहा. माझं सगळ्यात शेवटी. मी कुठं पळून चालली?" तेव्हापासून ताईंचं नाव तळाला.

आणि मग ती फायनल आली. खात्याखात्यांच्या संघांची ही मोठी स्पर्धा ताईंनी कधीच जिंकलेली नव्हती. दोनदा फायनलला येऊन हरलो होतो. ताई तेहतीस वर्षांच्या झाल्या होत्या, गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, आणि त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "हा कप घेतला की मी मोकळी. हे माझं शेवटचं वर्ष." सामना दिल्लीतच होता. समोरच्या संघानं सगळी तयारी ताईंना अडवण्याची केलेली, म्हणून कोचसाबांनी डाव टाकला: पहिला क्वार्टर, म्हणजे पहिली दहा मिनिटं, ताई बाहेर बसतील, समोरच्या पोरी गोंधळतील, थकतील, आणि मग ताईंना उतरवायचं.

मी यादी लिहायला बसलो. नव्या मुली आधी, मग जुन्या. एवढ्यात संयोजकांचा माणूस आला, पाहुण्यांच्या खुर्च्या तुमच्या बाकाजवळ ठेवू का म्हणून. त्याच्याशी बोललो, परत आलो, खाली रेघ मारली, सही केली. खाली जागा उरली होती, पण एक मुलगी तापानं घरी होती, म्हणून उरली असेल असं वाटलं. कोचसाबांनी चष्म्याशिवाय, सुरुवातीला उतरणाऱ्या पाचजणींवर खुणा केल्या आणि सही ठोकली. इतक्या वर्षांत माझ्या यादीत चूक सापडली नव्हती, मग बघायचं कशाला?

दुसऱ्या क्वार्टरला ताई टेबलापाशी गेल्या आणि टेबलावरच्या माणसानं मान हलवली. ताईंचा चौदा नंबर यादीतच नव्हता. एकदा खेळ सुरू झाला की यादीत नसलेल्या खेळाडूला ब्रह्मदेवही मैदानात उतरवू शकत नाही. ताई वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय झालंय ते तिथेच कळलं. घरातली माणसं मोजताना आपण स्वतःलाच विसरतो, तसं मी त्यांना विसरलो होतो.

त्या सरळ कोचसाबांकडे गेल्या. "सर, घुटना जम गया है. आज नहीं होगा. मैंने सुबह ही मैनेजर साहब को बोला था, मेरा नाम मत लिखो, सर को मैं खुद बताऊंगी. आपके सामने हिम्मत नहीं हुई, टेबल तक चली गई." कोचसाबांचा चेहरा लालबुंद झाला. मला न सांगता? फायनलच्या दिवशी? पुढे जे ते बोलले ते सगळ्या मुलींसमोर बोलले. ताई ऐकून घेत माझ्या शेजारी येऊन बसल्या, टॉवेल पायावर टाकला आणि उरलेला सगळा वेळ बाकावरून ओरडून मुलींना खेळवत राहिल्या. आम्ही तीन पॉइंटनं हरलो. वर्तमानपत्रात आलं की ऐन वेळी गुडघ्यानं दगा दिला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी रडकुंडीला आलो होतो. आत्ता जाऊन सगळं सांगतो म्हणालो. ताईंनी माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं. "काय करून राहिले तुम्ही? चौकशी लागेल, कागद फिरतील. दोन-अडीच वर्षं राहिली नं तुमची रिटायर व्हायला? गुडघ्याला कोणी मेमो देत नाही, दादा." आणि मी, सांगायला लाज वाटते, गप्प बसलो. त्या चहा पिता पिता मला हसवायलाही लागल्या. ताईंनी ठरल्याप्रमाणे खेळणं थांबवलं, पण नोकरी खात्यातच होती; पुढे दीड वर्ष कोचसाब त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ज्या मुलींना त्यांनी अर्धं केळं दिलं होतं, त्यातल्या दोघी-तिघी पाठीमागे म्हणायच्या, ताई घाबरल्या. ताईंच्या ते कानावर जायचं. माझ्याही जायचं.

नागपुरात मुलींच्या प्रशिक्षकाचं काम मिळालं आणि ताई दिल्ली सोडायला निघाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांच्या कारकिर्दीचे ठळक क्षण लिहून वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चषक वाचले, पदकं वाचली, दौरे वाचले, टाळ्या झाल्या. शेवटची ओळ मी साहेबांना दाखवलेल्या कागदात नव्हती. "फायनलच्या दिवशी ताईंचा गुडघा ठणठणीत होता. यादीत त्यांचं नाव लिहायला मी विसरलो होतो." तोंडून आधी मराठीतच निघालं, म्हणून हे मी हिंदीतही सांगितलं, म्हणजे कुणाला कळलं नाही असं राहायला नको.

"अवो, काय करून राहिले तुम्ही!" ताईंनी कपाळावर हात मारला. कोचसाब उठले आणि जड पावलांनी ताईंपुढे जाऊन उभे राहिले. "डेढ साल तन्नै कोसता रह्या मैं, छोरी. बोल क्यूं ना दी?" ताई म्हणाल्या, "सर, आपकी डांट मैं हजम कर लेती हूं. ये मैनेजर साहब नहीं कर पाते." कोचसाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्याकडे चुकीला एकच शिक्षा होती, लहानमोठा कुणी असो. "मैनेजर साहब, कल सुबह छह बजे. मैदान के बीस चक्कर."

मी गेलो. एकोणसाठ वर्षांचा, पोट सुटलेला, कापडी बूट घालून. कोचसाब खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. दुसऱ्या फेरीला दम लागला, तिसरीला चालायला लागलो. चौथीला मागून पावलं ऐकू आली. ताईंची गाडी दुपारची होती, सामान बांधायचं बाकी होतं, तरी त्या आल्या होत्या आणि माझ्या बाजूनं, माझ्या वेगानं, मोठमोठ्यानं फेऱ्या मोजत चालू लागल्या. दोन-तीन मुलीही कठड्यावर येऊन बसल्या आणि "चलो मैनेजर सर, शाबाश!" असा गलका करायला लागल्या.

सातव्या फेरीत मी धीर करून विचारलं. "ताई, खरं सांगा. तुम्ही उतरला असता तर आपण जिंकलो असतो का हो?"

मला वाटलं, त्या म्हणतील, खेळ आहे, कुणी सांगावं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

"बिल्कुल जिंकलो असतो. दहा पॉइंटनं." आणि माझ्याकडे बघून त्या अशा खळखळून हसल्या की कोचसाबांनी कप खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. मीही हसायला लागलो, डोळे पुसत पुसत. दीड वर्षात त्यांनी मला पहिल्यांदाच सांभाळून घेतलं नव्हतं, आणि मला इतकं हलकं त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

"सात झाल्या, दादा," त्या म्हणाल्या. "अजून तेरा आहेत. पळा."