आपत्कालीन कपाटाची किल्ली

कुठल्या रुग्णालयातली गोष्ट ते लिहीत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतच माझी परिचारिकेची सगळी नोकरी झाली, त्यातलंच एक छोटं सरकारी रुग्णालय समजा. चूक माझी आहे, इमारतीची नाही.

माळशेजच्या रस्त्याला अपघात नवे नाहीत. एकदम वीस-पंचवीस जखमी आले तर काय करायचं, म्हणून जिल्ह्यावरून आम्हाला एक लोखंडी कपाट आलं. आत मोडलेली हाडं बांधायच्या पट्ट्या, बँडेजं, जाड ड्रेसिंगचे गठ्ठे, रक्त थांबवायला हातापायावर आवळायचे रुंद पट्टे, जखमींच्या मनगटाला बांधायच्या लाल, पिवळ्या, हिरव्या फिती. मी इन्चार्ज सिस्टर, म्हणून कपाट माझ्या ताब्यात. माझ्या लग्नातला शालूही मी इतका जपला नसेल.

दर सहा महिन्यांनी तपासणी यायची. साहेब यादी हातात घेऊन एकेक वस्तू बघायचे आणि आमच्याकडे एक पट्टीही कमी सापडायची नाही. इतर रुग्णालयांना ते आमचं उदाहरण द्यायचे, मी मान खाली घालून मनातल्या मनात फुगायचे. मॉक ड्रिललासुद्धा मी नवं सामान वापरू दिलं नाही. कॉलेजची मुलं कपाळाला कुंकवाचं पाणी लावून जखमी व्हायची आणि त्यांना आम्ही धुऊन वाळवलेली जुनी बँडेजं गुंडाळायचो. मग उघड्या कपाटापुढे फोटो, की परत कुलूप. तयारी म्हणजे हीच, असं मला खरोखर वाटायचं.

आमच्याकडे शेणव्याकडची एक सिस्टर होती. नोकरीला दोनच वर्षं झालेली, हात हलका, बोलणं कमी. तेव्हा कपाटाची किल्ली ड्युटीरूममध्ये खिळ्याला असायची. एकदा मोटारसायकलवरून पडलेला माणूस आला आणि वॉर्डातली बँडेजं संपलेली, तर तिनं कपाटातली दोन काढली. मला कळलं तेव्हा ओपीडीची वेळ होती. रांगेतल्या पेशंटसमोर मी तिला झापलं. तपासणीला काय दाखवू, तुझं तोंड, असंही म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी तिच्याकडून लेखी खुलासा घेतला. तिनं चार ओळी लिहून दिल्या, परत नाय घेणार ताई, म्हणाली आणि कामाला लागली. त्या दिवसापासून किल्ली माझ्या पर्समध्ये. बरी शिस्त लागली, असं मी घरी सांगितलंही.

पुढच्या वैशाखात शहापूरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मी रजा टाकून गेले. किल्ली कोणाकडे देऊन जावी हे डोक्यातच आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आलं होतं. एका दिवसात काय होतंय, म्हणून मी ते बाजूला सारलं.

दुपारी पंगत उठल्यावर पर्समधून फोन काढला, तर त्या सिस्टरचे सात मिस्ड कॉल. हॉलच्या बाहेर येऊन लावला. टोकावड्याच्या अलीकडे हळदीला चाललेली पिकअप उलटली होती. सतरा जखमी आणि डॉक्टर एकच, तोही नवा. कपाटात काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. एका बाईचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. ओढणीनं आवळलं की ओढणी सैल पडत होती. रक्त थांबल्याशिवाय डॉक्टर तिला ठाण्याला पाठवायला तयार नव्हता, त्यामुळे ॲम्ब्युलन्स दार उघडं ठेवून नुसती उभी होती. पट्टे कपाटात आहेत हे त्या सिस्टरला माहीत होतं. शिपाई दगड घेऊन कुलपापाशी गेलाही होता. तिनंच त्याला थांबवलं होतं, आधी ताईंना विचारू म्हणून.

हे सगळं एका दमात सांगून तिनं विचारलं, "ताई, कुलूप फोडू का?"

"फोड. विचारतेस काय?" मी म्हटलं.

मागून कोणाचं तरी विव्हळणं ऐकू येत होतं. मग ती हळूच म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून व्हॉट्सॲपवर लिहून टाकाल का?"

मंगल कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून, जरीचा पदर सावरत मी टाईप केलं: आपत्कालीन कपाटाचे कुलूप तोडण्यास परवानगी आहे. खाली नाव, हुद्दा. दोनदा चुकलं. शेवटी दोन निळ्या खुणा उमटल्या. तिच्या पहिल्या कॉलपासून त्या खुणांपर्यंत पाऊण तास गेला होता.

मला कोणी त्या वेळी चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट भांडले असते, स्वभावच तसा आहे. पण त्या मुलीनं माझ्याकडे जे मागितलं ते मीच तिला शिकवलं होतं. लाजेनं माणसाला घाम फुटतो हे मला त्या दिवशी कळलं. आत भाचीला पेढा भरवायला मला हाक मारत होते आणि मला तिथून कुठे जावं ते सुचेना.

बाई वाचली. पाय मात्र गुडघ्यावरून काढावा लागला. लवकर आली असती तरी पाय बहुतेक गेलाच असता, असं ठाण्याचे डॉक्टर म्हणाले. तो 'बहुतेक' मी रोज उशाशी घेऊन झोपत होते. आमचं कौतुकच झालं. कर्मचाऱ्यांनी प्रसंगावधान राखून कुलूप तोडले, असं अहवालात आलं. किल्ली कुठे होती हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कपाट पुन्हा भरून आलं, तपासणी झाली, शेरा उत्तम मिळाला. त्या सिस्टरची मी माफी मागितली, पण दार लावून, दोघीच असताना. झापलं मात्र रांगेसमोर होतं.

भाताची कापणी लागली तेव्हा एक दिवस मी त्या बाईच्या गावी गेले. घरची सगळी शेतावर होती. ती एकटी अंगणात खुर्चीवर बसून, वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या काठीनं हाकलत होती. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरले. तुझं रक्त थांबवायचे पट्टे कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, शहापूरला, एवढंच कसंबसं सांगितलं. आणि माझ्या भीतीनं कोणी कुलपाला हात लावला नाही, हेही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही की रडली नाही. तिला एक गोष्ट खरंच कळली नव्हती, तेवढी तिनं विचारली.

"किल्ली तुमच्याकडं, तुमी शहापूरला. मंग ते कपाट कोणासाठी व्हतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "तपासणीसाठी," मी म्हटलं.

भातात शिरलेली कोंबडी तिनं काठीनं हुसकली. पोराच्या परीक्षेची चौकशी करावी तशा सुरात, अगदी मनापासून, तिनं विचारलं, "मंग पास झालात ना?"

"झालो," मी म्हटलं.