दोघींत एक सूप

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पाट्या बदलल्या, साहेब वाढले. पाणी तेवढं पहिल्यासारखंच टँकरनं येई. दुष्काळाचं दुसरं साल. अशात डाळ मिलमधलं निवडायचं काम कोंडाबाईला देवानं दिल्यासारखं वाटे. आता ती देवाला मानत नव्हती, तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. म्हणून आपण एवढंच म्हणू, की लई गोड वाटे.

तिच्या जोडीला अमीरबी. मिलची रीतच तशी, दोन बायांत एक सूप. अमीरबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाखडायला बसली की फोलपट उडून जाई अन् डाळ जागच्या जागी राही. कोंडाबाईचं मनगट विहिरीच्या कामावर मोडून वाकडं जुळलेलं. तिला पाखडता येत नसे, पण एक खडा नजरेतून सुटत नसे. हजेरीत नाव एकट्या कोंडाबाईचं. मजुरी एकीची, ती दोघी अर्धी अर्धी घेत.

नव्या जिल्ह्याबरोबर कामगारांचे साहेब आले. मिलमध्ये उभं राहून त्यांनी विचारलं, "बाया दोन अन् नाव एक, असं कसं?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. अमीरबीनं चिमटा काढला, "चूप बस गं."

"का चूप? कायदा आपल्यासाठीच हाय," म्हणत कोंडाबाईनं अख्खी रीत सांगितली अन् कागदावर अंगठा उठवला.

घरी जाताना भांडण. "कायद्यानं मजुरी वाढंल, पण तूर वाढंल का?" अमीरबी म्हणाली.

"मग जन्मभर अर्धी बाईच राहायचं का, आपा? साहेब म्हणले, जितकी माणसं तितक्या मजुऱ्या."

"साहेबाला एकदा सूप धरायला बसीव."

दोघी हसल्या. हसायला काही लागत नव्हतं.

आठ दिवसांनी मुकादम शरणप्पानं बायांना ओळीनं उभं केलं. शेठ कायदा पाळायला तयार होता. नाव वेगळं, सूप वेगळं, मजुरी पुरी. पण एका बाईनं दिवसाला एक पोतं साफ केलंच पाहिजे. "मालच न्हाई, निम्म्या बाया पुरतात," शरणप्पा खाली मान घालून म्हणाला. "जोडीतली कोण ऱ्हाणार, तुमचं तुम्ही सांगा."

"अमीरबी," कोंडाबाई म्हणाली.

"मला खडा दिसतो का, येडे?" अमीरबीनं सूप तिच्या काखेत कोंबलं अन् भिंत चाचपत निघून गेली.

त्या दिवशी कोंडाबाई पाखडायला बसली. डाळ वाऱ्यावर, फोलपट सुपात. शेजारच्या तारामतीनं दोन सुपं पाखडून दिली, पण तिचंही पोतं होतंच. संध्याकाळी कोंडाबाईचं निम्मंही झालं नव्हतं. शरणप्पानं पुरी मजुरी हातावर ठेवली, कायदाच होता तसा. "उद्या येऊ नका, मावशी," म्हणाला.

ती सूप काखेत मारून तशीच अमीरबीच्या घरी गेली. अर्धे पैसे तिच्या हातात दिले.

अमीरबीनं ते चाचपले. "हे तर पहिल्याइतकेच की गं."

"हाव."

"मला कशाला? मी कुठं आले होते? बरं, जा आता. सकाळी लवकर उठायचंय तुला."

"सूप हितंच ठिवते," कोंडाबाई म्हणाली.

अमीरबीनं हात लांबवून सुपाची कड धरली. "मग बस की जरा," ती म्हणाली.