जेर्मेनचा बिल्ला

जेर्मेन थेरियो विनयशील वगैरे मुळीच नव्हती, आणि असायचं काही कारणही नव्हतं. मेन राज्याच्या पार उत्तरेला, जिथे नदीपलीकडे कॅनडा लागतो, तिथल्या खोऱ्यातल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर द्युफूर पेशंट तपासत, तोंडाने औषध सांगत, आणि शेजारच्या खुर्चीतली जेर्मेन ते भरत असे. पूर्वी कागदावर, अलीकडे कॉम्प्युटरवर. डॉक्टरांचं वाक्य संपेपर्यंत ऑर्डर औषधाच्या दुकानात पोचलेली असायची. "मी एक दिवस आले नाही तर डॉक्टर स्वतःचा चष्मा शोधत बसतील," असं ती चर्चच्या पायऱ्यांवर भर रविवारी सांगायची. डॉक्टरही शेजारी उभे राहून मान डोलवायचे.

अशात वॉशिंग्टनहून नियम आला. औषधाची ऑर्डर कॉम्प्युटरमध्ये एक तर डॉक्टरने भरायची, नाहीतर परवाना असलेल्या नर्सने, नाहीतर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या मदतनिसाने. जेर्मेनकडे यातलं काहीच नव्हतं. डॉक्टर भडकले. हिला मी स्वतः तयार केलीय, माझा शब्द पुरे नाही का, म्हणून त्यांनी फोनवर वाद घातला. पुरे नाही, असं शांतपणे उत्तर मिळालं. प्रमाणपत्र बाहेरच्या संस्थेचंच हवं, आपल्याच माणसाला आपणच पास करून चालणार नाही.

झालं, खुर्ची गेली. जेर्मेन बाहेर वजनकाट्यापाशी उभी आणि आत डॉक्टर एका बोटाने टकटक करताहेत. बाहेरच्या बाकांवर माणसं ताटकळायची, आणि प्रत्येक टकटकीला जेर्मेनचा जीव तिळतिळ तुटायचा.

वसंतात ती बँगोर शहरात परीक्षेला गेली. ताठ मानेने गेली आणि नापास होऊन आली. प्रश्न असा होता की पेशंटचा फोन आला, औषध संपलंय म्हणाला, तर आधी काय कराल? पर्यायांत पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारणं होतं. ते वाचून बाई चक्क हसली. आमच्या खोऱ्यात ओळखीच्या माणसाला नाव विचारायचं? तो म्हणेल, हिला मेंदूचा झटका आला. तिने भलत्याच पर्यायावर खूण केली. असे बरेच प्रश्न तिने आपल्या खोऱ्याच्या हिशेबाने सोडवले. घरी येऊन तिने पर्स कोचावर भिरकावली. नवरा लिओनेल शहाणा होता. त्याने तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी टाकली आणि लोण्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

ती पुन्हा अभ्यासाला बसली. आधी रागाने, मग कुतूहलाने, आणि एका धड्यावर तर तिचा चेहराच उतरला. धडा होता, दोन औषधं एकमेकांना बाधणार असतील तर पडद्यावर येणाऱ्या पिवळ्या इशाऱ्यांचा. वर्षानुवर्षं ती ते इशारे माशी हाकलावी तसे हाकलत आली होती.

शरद ऋतूत दरवर्षीप्रमाणे बटाट्याच्या काढणीसाठी शाळा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात तिचा निकाल आला. पास! लिओनेलने बटाट्याच्या वखारीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं. नावापुढे नवी अक्षरं लिहिलेला बिल्लाही आला, पण जेर्मेनने तो स्वेटरच्या आत लावला. वसंतातली फजिती अजून कुणी विसरलं नव्हतं.

खुर्चीत परतल्यावर ती येईल त्याला नाव नि जन्मतारीख विचारू लागली. खोऱ्यात हसू पिकलं. बाकावर बसलेल्या ओलिविनबाईंनी तर फणकाऱ्याने सांगितलं, की माझं वय माझ्या नवऱ्यालासुद्धा कळलं नाही, तो बिचारा न कळताच गेला. मग आर्मां सीर आत आला. जेर्मेनचा बालपणापासूनचा शेजारी, काढणीच्या धुळीने खोकून बेजार झालेला.

"जन्मतारीख? अगं, माझ्या वाढदिवसाचा केक तूच करतेस ना?"

"करते. तारीख सांग."

त्याने कपाळाला हात लावून सांगितली. डॉक्टरांनी छाती तपासली, नेहमीचं अँटिबायोटिक सांगितलं. जेर्मेनने भरलं आणि पडद्यावर पिवळा चौकोन उघडला.

"दाब ते आणि पुढे चल," डॉक्टर हात धूत म्हणाले. "आर्मांला आपण ओळखतो."

बोट सवयीने बटणावर गेलंच होतं. ते तिने मागे घेतलं.

"ओळखतो म्हणूनच आजवर दाबत आले, डॉक्टर. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, तो तुमचा अधिकार. पण तुम्ही वाचल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

डॉक्टर ओल्या हातांनीच पडद्यापाशी आले. बँगोरच्या हृदयतज्ज्ञाने वसंतात आर्मांला रक्त पातळ करायची गोळी सुरू केली होती. हे अँटिबायोटिक त्या गोळीसोबत घेतलं असतं तर अंगात रक्तस्राव होऊ शकला असता. गोळीचं डॉक्टरांना माहीत होतं, जेर्मेनलाही माहीत होतं. वसंतातल्या हृदयाच्या ऑपरेशननंतर आर्मांच्या घरी रस्सा घेऊन तीच गेली होती. दोघांनाही आर्मां इतका पाठ होता की त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "मी फोनवर उगाच भांडलो गं."

जेर्मेनने स्वेटरची बटणं सोडली, बिल्ला काढला आणि बाहेर, सगळ्यांना दिसेल असा लावला. तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

आर्मां बाहेर गेला तो थेट बाकांसमोर उभा राहिला आणि खोकत खोकत सगळी हकिकत सांगून मोकळा झाला. मग दार उघडलं. ओलिविनबाई काठी टेकत आत आल्या, खुर्चीत बसल्या, बिल्ल्याकडे निरखून पाहिलं, आणि जेर्मेनने तोंड उघडायच्या आत, बाहेरच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगितली. सालासकट.