हापशाच्या पाण्यातलं ऊन

जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात सगळ्यात आधी संपल्या त्या भाड्याच्या खोल्या. रोज कुठलं ना कुठलं कार्यालय यायचं, दारावर पाटी लागायची आणि टेबलांनी भरलेला ट्रक गल्लीत अडकून बसायचा. आमच्या बालवाडीला मिळालेली खोली एका आडत दुकानाच्या मागची होती. भिंतींना तुरीच्या डाळीचा वास मुरलेला. पुढे थोडं अंगण, अंगणात एक कडुलिंब आणि रस्त्यापलीकडे हापसा.

मी निलंग्याकडची. नांदेडला बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि इथे लागले, ती माझी पहिलीच नोकरी. वर्गात दोन तऱ्हेची मुलं होती. काही बदली होऊन आलेल्या कारकुनांची, घट्ट विणीचे स्वेटर घातलेली, ‘नाही’ म्हणणारी. बाकीची आसपासच्या वस्तीतली, बापाचा जुना सदरा अंगावर आणि ‘न्हाई’ म्हणणारी. पहिले काही दिवस ती वेगवेगळ्या पट्ट्यांवर बसायची. मी कितीही मिसळून बसवलं तरी मधल्या सुट्टीनंतर पुन्हा आपापल्या पट्टीवर.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दिवाळीनंतरच हापशावर घागरींची रांग लागायला लागली, आणि थंडी मात्र अशी पडली की सकाळी खडू हातात धरवत नव्हता.

तेव्हा वरून एक तक्ता आला. ‘हिवाळा’. त्यात उतरत्या छपराचं घर होतं, सगळीकडे बर्फ होतं आणि लोकरीची टोपी घातलेला एक बर्फाचा माणूस होता. मी तक्ता भिंतीवर लावला आणि हे पांढरं काय आहे ते विचारलं. एकाने कापूस सांगितलं. एकीने पीठ सांगितलं. मी बर्फ म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले, कारण बर्फ त्यांना माहीत होतं, गोळ्याचं. त्या माणसावर लाल रंग घालणार का हिरवा, यावर वाद सुरू झाला. मीही बर्फ पडलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यापुढे मला काही सांगता येईना. मी तक्ता गुंडाळला आणि उद्या आपल्या घरातला हिवाळा घेऊन या म्हणून सांगितलं.

मुलं खरोखरच घेऊन आली. बोरं आली, फुटलेल्या टाचेला लावायचं आमसुलाचं तेल आलं, कुणाच्या तरी आज्याची कानटोपी आली. एका मुलाने शेळीचं करडू आणलं, त्याच्या पाठीवर पोत्याचा तुकडा बांधलेला. आणि खोबरेल तेलाच्या तर चार-पाच बाटल्या आल्या. सगळ्यांतलं तेल थिजून पांढरं झालेलं. बाटली उलटी केली तरी थेंब पडेना, याची त्यांना फार मौज वाटली.

मग शब्दही मागितले. तुमच्या घरी थंडीला काय म्हणतात? कारकुनाच्या मुलाने थंडी सांगितलं, त्याच्या शेजारणीने हिव. दर्ग्याजवळून येणाऱ्या मुलाने सर्दी सांगितलं, तर बाकीचे त्याच्या नाकाकडे बघायला लागले. मी घरचा शब्द दिला, चळी, आमच्याकडच्या कानडीतला. तर वडिलांच्या बदलीमुळे देगलूरहून आलेली एक मुलगी उठून म्हणाली की तिची आजीपण असंच म्हणते, पण ती तर तेलुगू बोलते. मी सगळे शब्द पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि प्रत्येकाखाली मुलांकडून चित्र काढून घेतलं. अक्षरओळख अजून कुणालाच नव्हती, तरी चित्राकडे बघून सगळी खणखणीत वाचायची. ‘चळी’ सगळ्यात जोरात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेलाचा प्रयोग मांडला. एक बाटली अंगणात उन्हात, एक आत फळीवर. कोणतं तेल आधी पातळ होईल ते बघायचं. थोड्या वेळाने उन्हातल्या बाटलीच्या कडा सुटायला लागल्या, म्हणून फळीवरची बघायला आत गेलो, तर बाटलीच नाही. शोधाशोध झाली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने झग्याच्या आतून ती काढून दिली. वर्गात सगळ्यात लहान होती ती. तेल जवळजवळ पातळ झालेलं.

मी विचारलं, “हे कसं झालं गं?”

ती म्हणाली, “माझ्या पोटात ऊन हाय, बाई.”

कुणीही हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं. मग काय, जो तो बाटली काखेत धरून, मांडीत दाबून आपल्या अंगातलं ऊन तपासायला लागला. स्वेटरवाल्यांत जास्त ऊन असतं का, हेही बघून झालं. तसं काही नव्हतं. त्या गडबडीत पट्ट्यांचं कुणाला भानच राहिलं नाही, आणि नंतरही कधी ती वेगवेगळी बसली नाहीत.

त्याच दिवशी करडूवाल्या मुलाने शोध लावला की हापशाच्या पाण्यातही ऊन आहे. सकाळी त्याच्यातून वाफ निघते. हे सगळ्यांनीच पाहिलं होतं, आईबरोबर अंधारात रांगेत उभं राहून. जमिनीखाली कुणीतरी चूल पेटवून ठेवतं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, बघू या खरं काय ते. उद्या प्रत्येकाने हापशाचं ताजं पाणी तांब्याभर घेऊन या.

हे बोलून गेले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी वर्ग उघडायला गेले तर दारात पोटात ऊन असलेल्या मुलीची आई उभी. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. डोक्याला फडकं, हातात भाकरीचं गाठोडं, कडेवर लेक. लेकीच्या हातात तांब्या नव्हता. बाई आवाज न चढवता म्हणाली,

“बाई, म्या पहाटंपासून लाइनीत हुबी हाव. एक घागर भेटली. त्यातलं पानी पोरगी खेळायला मागायलीय. तुमीच सांगा, देऊ का?”

माझ्या खोलीवर घरमालकाचा आड होता, त्याला तळाशी का होईना पाणी होतं. मी रांगेत उभी राहिले नव्हते. मी तिला म्हटलं, “अक्का, चुकलंच माझं. नका देऊ.” मग काय करायचं होतं तेही सांगितलं. तेलाची बाटली हापशाच्या पाण्यात ठेवायची, तेल वितळतं का बघायचं. तिने विचारलं, त्यात पाणी नासतं का? मी म्हटलं नासत नाही, बाटली बाहेरून स्वच्छ पुसून घेऊ. “मंग नंतर त्याचं काय करनार?” तिने विचारलं. तेव्हा मला एकदम सुचलं. माझी आई रद्दीचा लगदा करून त्यात मेथी वाटून घालायची आणि टोपल्या थापायची. लगद्याला पाणी लागतंच. मी म्हटलं, त्या पाण्यात कागद भिजवू आणि पोरांकडून वाट्या करून घेऊ.

तिने जरा विचार केला. लेकीला खाली ठेवलं, परत घरी गेली आणि अर्धी घागर घेऊन आली. बाकीच्या बायकांनाही तिनेच काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर आलेल्या मुलांच्या हातांत छोटे छोटे पेले होते, फडक्याने झाकलेले.

आम्ही दोन पातेली ठेवली. एकात रांजणातलं रात्रभर गारठलेलं पाणी, एकात हापशाचं. दोन्हींत थिजलेल्या तेलाची एकेक बाटली. मुलांनी हात घालून बघितलं. एक हात रांजणाच्या पाण्यात, एक हापशाच्या. मग वाट बघणं. गाणी म्हटली, चळीचा पुठ्ठा दोनदा वाचून झाला. कामाला उशीर होत असूनही ती बाई उंबऱ्यावर टेकली होती. हापशाच्या पाण्यातली बाटली आधी कडेने काचेसारखी झाली, मग मधला पांढरा गोळा सुटून तरंगायला लागला. मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती. रांजणातली बाटली तशीच दगडासारखी.

चूल कोण पेटवतं, हे मग त्यांनी विचारलंच. मी सांगितलं की चूल नाही, थंडी वरच्या वर असते, जमिनीच्या पोटात खोल ती पोचत नाही. तिथलं पाणी उन्हाळ्यात होतं जवळजवळ तसंच असतं, आपण गारठलेलो असतो म्हणून ते आपल्याला गरम लागतं. किती जणांना कळलं ठाऊक नाही. उंबऱ्यावरची बाई मात्र मान हलवत म्हणाली, “हाव, खरंच. उन्हाळ्यात ह्येच पानी गार लागतंय.” आणि गाठोडं उचलून झपाझप कामावर गेली.

पाण्याचा थेंबही वाया गेला नाही. कारकुनांच्या घरून वर्तमानपत्रांची रद्दी आली, मेथी मी दिली. कागद भिजला, कुजका वास यायला लागला, मुलांनी तो कोपरापर्यंत हात घालून मळला. मग घरच्या वाट्या पालथ्या घालून त्यावर लगदा थापला. हिवाळ्यातलं कोरडं ऊन आमच्याच कामाचं होतं. अंगणभर वाट्या वाळत पडलेल्या असायच्या, आणि करडाने त्या खाऊ नयेत म्हणून एक जण पहाऱ्याला. तरी त्याने एक खाल्लीच.

मध्ये येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं, पीक असो नसो. नव्याने आलेल्या कारकुनांना गाव ओस का पडलं तेच कळेना. दुसऱ्या दिवशी मुलांनी डब्यांतून पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची घट्ट भज्जी आणि ताकातली आंबील आणली आणि स्वेटरवाल्यांना खाऊ घातली. एकाने आंबील नाकातून बाहेर काढली, पण पुन्हा मागितली.

संक्रांतीला वाट्यांना गेरूचा रंग लागला. प्रत्येकीत तिळाच्या रेवड्या घालून मुलं घरी नेणार होती. त्या छोट्या मुलीची वाटी इतकी जाड झाली होती की आत जागाच उरली नव्हती, जेमतेम तीन रेवड्या मावल्या. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाली. दोन दिवसांनी तिची आई हापशावर भेटली. सांगत होती की वाटी तिने कामावर नेली होती आणि खडी फोडणाऱ्या सगळ्या बायकांना त्यातून तीळगूळ वाटला, संपला की घरचा पुन्हा भरून. मुकादमालाही दिला. त्याने वाटी उलटीसुलटी करून बघितली आणि कुठून विकत आणली म्हणून विचारलं.

मी विचारलं, “मग काय सांगितलं, अक्का?”

“सांगितलं, लेकीनं केली हाय,” ती म्हणाली, आणि पुढे सरकलेल्या रांगेत घागर पुढे ढकलली.