माझी न दुखणारी कंबर

हसा, खुशाल हसा. मी इतका दमलोय की आता कोणी हसलं तरी राग यायचा नाही.

त्याचं असं झालं, मला झालं भगंदर, बसायच्या जागी वाहणारी जखम. आता ही काय चारचौघांत सांगायची जागा आहे? शालकाच्या पोरीचा साखरपुडा होता साक्रीला. पंगतीत बसवेना, म्हणून उभ्यानंच जेवलो. कोणीतरी विचारलं, "दाजी, असं का?" तोंडातून गेलं, "कंबर धरलीय!"

झालं! तिथून माझ्या कमरेला जो भाव आला म्हणता! शालक बापू तेल घेऊन धुळ्याला आमच्याकडे मुक्कामालाच आला. शेजारच्या अक्कांनी तापवलेली वीट आणली. एक पैलवान तर पाठीवर उभा राहून गेला! मी सगळं करू दिलं. निदान पालथं पडायला मिळायचं, तेवढाच आराम.

शेवटी चोरून डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, साधं भगंदर असेल तर ऑपरेशन करून मोकळे. पण क्रोन्स म्हणून आतड्याचा आजार असतो, त्यातून आलं असेल तर घाईनं कापायचं नाही, जखम भरत नाही. एमआरआय काढा. जुलाब होतात का?"

"छे! दगड पचवतो मी!"

खोटं! वांग्याच्या भरताच्या पार्टीत माझ्या नावाची वेगळी परात असते. तिथे आता एका वाटीनंतर पळावं लागतं, हे खानदेशात कोणत्या तोंडानं सांगणार?

एमआरआयला एकटाच जाणार होतो. पण कमरेचे एवढे नातेवाईक! बायको, बापू, अक्का, सगळे रिक्षातून हजर. खिडकीतल्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, "कशाचा काढायचाय? चिठ्ठी?"

चिठ्ठी खिशात होती. मागे बापूचा श्वास मानेवर.

"चिठ्ठी राहिली घरी. कमरेचा काढा."

"डॉक्टरांना फोन लावून विचारू?"

"कंबर काय डॉक्टरांची आहे?"

घातलं बोगद्यात. भुसावळच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडतात ना, तो आवाज थेट कानात! बाहेर आलो तर बापूनं पुन्हा तेल काढलेलं.

फोटो बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मणका झकास आहे हो! मला बघायचं होतं भगंदराचा रस्ता कुठून कुठे जातो, फाटे किती, आतडं सुजलंय का. तुम्ही मणका घेऊन आलात!"

परत बोगदा. परत मालगाडी. या वेळी फोटो बरोबर जागेचा निघाला. डॉक्टरांनी माझ्याबरोबर बायको आणि बापूलाही आत बोलावलं.

"फाटे बरेच आहेत, गुदाशयाची भिंतही सुजलीय. क्रोन्सचा संशय येतो. नुसत्या फोटोवर ठरवायचं नाही, दुर्बिणीनं आतडं बघू. तोवर कापाकापी नको. बरं झालं, घाई केली नाही. आता खरं सांगा, जुलाब?"

मी छताकडे बघितलं.

"दिवाळीपासून होताय," बायको म्हणाली. "वजनही उतरलंय."

मी गारच! "तुला काय माहीत?"

बापूनं तेलाची बाटली शांतपणे पिशवीत ठेवली. "दाजी, कंबर दुखनारा मानूस फटफटीवर एका मांडीवर बसस का? बठ्ठा गावले माहीत शे!"

"सगळ्या गावाला माहीत होतं, मग एवढे दिवस माझी कंबर कशाला चोळली रे?"

"तुमले लाज वाटे. मंग आम्हीन गुमान कंबर चोळी दिन्ही!"

दुर्बिणीत क्रोन्सच निघाला. आता औषधं सुरू आहेत, दुखणं उतरतंय. पण खरं सांगू? तो पैलवान पाठीवर उभा राहिल्यापासून कंबर खरंच दुखतेय. आणि आता कोणी विश्वास ठेवत नाही!