डाव्या हाताचा आवाज

माझी मुलगी पुण्यात ड्रम वाजवते. तिच्या जोडीला पियानो वाजवणारा तिचा कॉलेजातला मित्र असतो. बस, दोघंच. गाणं कोणी म्हणत नाही. तोंडाला पांढरा रंग फासून, जुनेपुराणे कोट घालून ते स्टेजवर येतात आणि वाजवता वाजवता भांडतात, रुसतात, एकमेकांची नक्कल करतात. लोक तिकीट काढून बघायला जातात, हे आमच्या गावात अजून कोणाला खरं वाटत नाही.

त्यांचा दुसरा अल्बम आला तेव्हा आमच्याकडे हळद काढून वाळत घालायचे दिवस होते. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा पाय ठेवायला अंगण उरत नाही. तशातही मी सगळ्या नातेवाइकांना तो मोबाईलवर पाठवला. कोणी मागितला नव्हता. पण लेकीचं कौतुक काय कोणी मागायची वाट बघत करायचं असतं?

कळमनुरीच्या बहिणीनं आधी फोटो पाहिला. "पोरगी एवढी देखणी, अन् तोंड काहून असं करून राहिली?" मी म्हटलं, बघायला नाही, ऐकायला पाठवलंय. शेजारीण अर्धा तास ऐकून म्हणाली, "गाणं कवा सुरू व्हतं?" तिला मी त्या दिवशी चहा विचारला नाही. कनेरगाव नाक्यावर माझ्या भावाचा ढाबा आहे. तो म्हणाला, "ताई, एक ड्रायव्हर जेवता जेवता थांबला. म्हणे, हे नवरा-बायकोचं भांडण व्हय ना?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एक शब्द नसताना भांडण कळलं, म्हणजे वाजवणारे काही साधेसुधे नव्हेत.

हे सगळं मी लेकीला फोनवर सांगायची. ती पोट धरून हसायची आणि शेवटी हळूच विचारायची, "आणि बाबा?"

तिचे बाबा भजनी मंडळात मृदंग वाजवतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला गव्हाची ओली कणीक थापतात, मग त्याचा आवाज खाली बसतो आणि घुमतो. ती कणीक मळायची मी, आणि थापायला बसायची लेक. बोलही त्यांनीच तिला शिकवले. पुढं ती हात सोडून काठ्यांनी वाजवायला लागली, ते त्यांच्या मनाला फार लागलं. पहिला अल्बम ऐकून त्यांनी तिला फोनवरच सांगितलं होतं, "वाजवतीस चांगलं. पण आपल्या घरचं न्हाई ते." ती नुसतं "बरं" म्हणाली होती. त्यामुळे दुसरा अल्बम तिनं कोणासाठी केलाय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

यांनी मोबाईल कानाला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि फोन खाटेवर टाकला. "डावा हात कुठं हाय हिचा? नुसती टिकटिक."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेकीला मात्र मी सांगितलं, बाबा कामात आहेत, ऐकतील. ती म्हणाली, "आई, तुला खोटं बोलता येत नाही गं." मग तिनं विचारणंच सोडलं. ते मला जास्त टोचलं.

त्याच आठवड्यात हळद हिंगोलीच्या बाजारात न्यायला माझ्या दिरांचा ट्रॅक्टर दारात आला. दिरांना भारी हौस. ट्रॅक्टरपेक्षा त्याच्यावरचे स्पीकर मोठे. मी म्हटलं, "भाऊजी, आज तुमची गाणी बंद. हे लावा."

आधी पियानो वाजला. पोती भरणाऱ्या बाया माना वर करून बघू लागल्या. आणि मग माझ्या लेकीचा मोठा ढोल आला. तो कानांच्या आधी तळपायांना कळला. शेडचे पत्रे थरथरले. हा आवाज मोबाईलच्या एवढ्याशा भोकातून बाहेरच आला नव्हता! आम्ही सगळ्यांनी अर्धाच अल्बम ऐकून शहाणपणा पाजळला होता, आणि त्यात सगळ्यांत पुढं आमचे मृदंगवाले.

ते पोत्याचं तोंड शिवत होते. हातातलं दाभण तसंच राहिलं. "परत लाव," ते दिरांना म्हणाले. परत ऐकताना त्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कणीक हाय. फोन लाव तिला."

मी लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाई, मोठ्या ढोलाला काय लावलं?"

"कणीक, बाबा. तुम्ही लावता तशीच."

"अन् वाजवून झाल्यावर? फेकून दिली?"

आमच्याकडे ती कणीक टाकत नाहीत, खरवडून गाईला घालतात.

"फेकते कशी? डब्यात भरून दूधवाल्याच्या गोठ्यावर न्यायचो. माझा पियानोवाला गाईला घाबरतो, तरी रोज तोच चारायचा."

बाया फिदीफिदी हसल्या. हे हसले नाहीत. हळदीच्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळे झाले. "आपल्या घरचं हाय, बाई," ते म्हणाले. "बराबर आपल्या घरचं हाय."

पलीकडून हुंदका ऐकू आला. लेक रडत होती. मीही रडत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. ती माझ्या पोटची आहे, हे गावभर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तेवढ्यात हे ट्रॅक्टरवर दिरांच्या शेजारी चढून बसले. ते जाणारच नव्हते खरं तर. मी ओरडले, "अहो, तोंड तरी धुवा! हिंगोलीला असंच जाता का?"

"राहू दे," ते म्हणाले. "लेक बी रंगवतीच की." आणि त्यांनी दिरांना आवाज वाढवायला सांगितला.

फोन अजून माझ्या हातात चालूच होता.